अंतियोखसाची अकरा वर्षे

(हनुकाच्या तिसऱ्या संध्याकाळी, दिवे लावून झाल्यावर, आपल्या सिनेगॉगच्या सभागृहात केलेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून उतरवलेले शब्दांकन.)



माझी आजी अलिबागकडची. आपल्या पूर्वजांची कथा ती नेहमी एकाच वाक्याने सुरू करी : "अंतियोख राजाच्या जुलमाला कंटाळून आपले वाडवडील गलबतात बसले." पुढे वादळ, नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले गलबत, वाचलेले सात पुरुष आणि सात स्त्रिया, वाहून आलेल्या प्रेतांच्या दोन मोठ्या समाध्या. ही कथा आपण सर्वांनीच ऐकलेली आहे. मलिद्याच्या ताटाभोवती बसून मीही ती माझ्या नातवंडांना सांगत आलो.

गेल्या वर्षी माझ्या नातवाने मला अडवले. तो येथील शाळेत शिकतो. त्याने विचारले, "आजोबा, आपण कोणत्या साली निघालो?" मी म्हणालो, "इ.स.पू. १७५." तो म्हणाला, "पण राजाने तोरा आणि शब्बाथवर बंदी घातली ती १६७ साली. मग आपण आठ वर्षे आधीच कसे पळालो?"

मी त्याला काहीतरी सांगून वेळ मारून नेली, हे कबूल करतो. रात्री झोप येईना. मुलाचा हिशेब बरोबर होता. १७५ हे सन हैम सॅम्युएल केहिमकर यांच्या इतिहासामुळे आपल्या घराघरांत रुजले. त्यांनी तो ग्रंथ १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला आणि तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. परंतु १७५ हे छळाचे वर्ष नव्हे. ते अंतियोखस चौथा गादीवर बसला ते वर्ष होय. म्हणून मी या राजाची अकरा वर्षांची कारकीर्द पुन्हा वाचावयास घेतली. जे हाती लागले ते आज आपणांपुढे ठेवतो.

ही गोष्ट कर्जापासून सुरू होते. अंतियोखसाचा बाप, अंतियोखस तिसरा, हा मोठा पराक्रमी राजा. पूर्वेस काबूलच्या खोऱ्यापर्यंत जाऊन तेथील सुभगसेन नावाच्या भारतीय राजाकडून त्याने हत्ती आणले. पुढे त्याने रोमशी वैर पत्करले आणि तो हरला. इ.स.पू. १८८ मध्ये अपामेया येथे तह झाला. खंडणी ठरली १५,००० टॅलंट चांदी. त्यांपैकी १२,००० बारा वर्षांच्या हप्त्यांनी, म्हणजे दरसाल १,००० टॅलंट. एक टॅलंट म्हणजे सुमारे २६ किलो. दरवर्षी २६ टन चांदी रोमला पाठवावयाची! हत्ती बाळगावयाचे नाहीत, हीही अट होती. शिवाय ओलीस म्हणून राजाचा धाकटा मुलगा रोमला गेला. तोच आपला अंतियोखस. पुढच्याच वर्षी थोरला राजा एलाम प्रांतातील एका देवळाची संपत्ती लुटावयास गेला आणि तेथील लोकांनी त्याला ठार केले. हे देऊळ लक्षात ठेवा; मुलगाही शेवटी तेथेच कोठेतरी पोहोचणार आहे.

गादीवर आला थोरला मुलगा सेल्युकस चौथा. त्याला खजिना भरावयाचा होता आणि ठेवींचा पैसा असे तो देवळांत. त्याचा मंत्री हेलियोदोरस आपल्या बेथ हमिक्दाशचा खजिना घेण्यासाठी यरुशलेमला आला आणि आकाशातून आलेल्या घोडेस्वाराने त्याला झोडपून काढले, अशी कथा मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. घोडेस्वाराविषयी मी काही बोलत नाही. परंतु हेलियोदोरस खरा होता. या सेल्युकसाने इ.स.पू. १७८ मध्ये त्याला लिहिलेले पत्र कोरलेली शिळा सापडली आहे. तिचा मोठा तुकडा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याला नेमके जुळणारे लहान तुकडे आपल्या बेत गुव्रिनजवळ, मारेशाच्या भूमिगत दालनांतील उत्खननात मिळाले. या प्रांतातील देवस्थानांवर ओलिंपियोदोरस नावाच्या माणसाची नेमणूक केली आहे, असे राजा त्या पत्रात कळवतो. भाषा अतिशय भक्तिभावाची आहे : देवांना त्यांचा मान मिळावा, उपासनेची हेळसांड होऊ नये. देवस्थानांवर सरकारी अधिकारी नेमताना सरकारे कोणती भाषा वापरतात हे मुंबईत राहिलेल्यांना मी काय सांगावे!

इ.स.पू. १७५ च्या सप्टेंबरात सेल्युकस मेला. हेलियोदोरसाने त्याचा खून केला असे एक ग्रीक इतिहासकार लिहितो. गादीचा हक्क त्याच्या मुलाचा, देमेत्रियसचा. परंतु काही वर्षांपूर्वी ओलिसांची अदलाबदल झाली होती. पुतण्या देमेत्रियस रोममध्ये अडकला होता आणि काका अंतियोखस मोकळा होऊन अथेन्सला राहत होता. पेर्गामोनच्या राजाने त्याला फौज दिली आणि काका गादीवर बसला. सेल्युकसाचा आणखी एक लहान मुलगा होता. त्याला नावापुरता सहराजा करून घेतले आणि १७० साली तो मारला गेला. थोडक्यात, हा राजा हक्काने आलेला नव्हता. हक्काचा वारस जिवंत होता, रोमच्या मुठीत होता, आणि रोमने मनात आणले की तो केव्हाही परत येणार होता. अंतियोखसाची अकरा वर्षे या छायेत गेली.

त्याच्या वेडेपणाच्या गोष्टी पुष्कळ आहेत. तो राजवाड्यातून निसटून सोनारांच्या दुकानांत गप्पा मारीत बसे, सार्वजनिक हमामात सामान्य लोकांबरोबर स्नान करी, रोमन उमेदवारांप्रमाणे पांढरा झगा घालून बाजारात लोकांजवळ मते मागत फिरे. त्याने स्वतःस 'एपिफानेस', म्हणजे प्रकट झालेला देव, असे म्हणवून घेतले. लोक त्याला 'एपिमानेस', म्हणजे वेडा, म्हणू लागले. हे सर्व आपणांस पोलिबियस या ग्रीक इतिहासकाराकडून कळते. पण हा पोलिबियस कोण? तो स्वतः रोममध्ये ओलीस होता, देमेत्रियसचा मित्र होता, आणि पुढे १६२ मध्ये देमेत्रियस रोममधून पळाला तेव्हा त्या पलायनात त्याचा हात होता. हे त्यानेच लिहून ठेवले आहे. अशा माणसाची साक्ष काकाविरुद्ध किती धरावी? मला विचाराल तर, दहा वर्षे रोममध्ये काढलेला हा मनुष्य रोमन रीतिरिवाज आपल्या राजधानीत आणून पाहत होता आणि तेथील लोकांना ते हास्यास्पद वाटत होते. परदेशातून परतलेल्या माणसाला गावकरी हसतात, तसेच काहीसे.

आता यरुशलेमकडे येतो. येथे मला थोडा वेळ लागेल, कारण आपल्या घरगुती कथेत हा भाग येतच नाही.

राजा गादीवर बसताच एक यहुदी त्याच्याकडे गेला. त्याचे नाव यासोन. कोहेन गादोल ओनियास याचा हा सख्खा भाऊ. त्याने राजाला ३६० टॅलंट आणि आणखी ८० टॅलंट देऊ केले. बदल्यात भावाची जागा मागितली. वर आणखी १५० टॅलंट कशासाठी? यरुशलेममध्ये ग्रीक पद्धतीची व्यायामशाळा काढण्याच्या परवानगीसाठी. राजाने काय करावे? तिजोरी रिकामी, रोमचे हप्ते थकलेले, गादी डळमळीत. आणि समोरचा माणूस न मागता चांदी घेऊन उभा. त्याने ती घेतली. तीन वर्षांनी यासोनाने खंडणीची रक्कम पोहोचवण्यास मेनेलाऊस नावाच्या मनुष्यास पाठवले. मेनेलाऊसाने राजासमोर उभे राहून ३०० टॅलंट अधिक बोलले आणि तीच जागा स्वतःसाठी घेतली.

आपल्याकडे सणाच्या दिवशी सेफेर तोरा उचलण्याच्या मानाचा लिलाव होतो आणि त्यावर आपण थट्टामस्करीही करतो. पण तो पैसा सिनेगॉगच्या पेटीत पडतो. येथे अहरोनाच्या वंशातील सर्वोच्च पदाचा लिलाव अंत्युखियाच्या दरबारात झाला, आणि बोली लावणारे दोघेही आपलेच होते.

मेनेलाऊसाजवळ बोललेले पैसे नव्हते. मग बेथ हमिक्दाशमधील सोन्याची पात्रे बाहेर जाऊ लागली. वृद्ध ओनियास अंत्युखियाजवळ दाफ्ने येथे आश्रय घेऊन राहिला होता. त्याने या चोरीचा जाहीर निषेध केला. मेनेलाऊसाच्या सांगण्यावरून अंद्रोनिकस नावाच्या राजाच्या अधिकाऱ्याने शपथेवर त्याला बाहेर बोलावले आणि ठार केले. राजाने अंद्रोनिकसाला देहदंड दिला. मेनेलाऊस मात्र सुटला, तोही पैसे चारून.

रोमचा हप्ता संपला १७३ साली. राहिलेली सर्व रक्कम अंतियोखसाच्या वकिलाने एकदम नेऊन दिली. तेव्हा पुढच्या गोष्टींना खंडणीची सबब चालणार नाही. यापुढे पैसा लागला तो मिसरवरच्या स्वारीसाठी. १६९ मध्ये त्याने मिसरमध्ये मोठे विजय मिळवले, आणि परतताना यरुशलेममध्ये शिरून १,८०० टॅलंट नेले. सोन्याची वेदी, मनोरा, पडदा, सारे काही. मेनेलाऊस वाट दाखवीत पुढे चालला होता, असे मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा कर्ता म्हणतो. त्या ग्रंथकाराचे मारल्या गेलेल्यांचे आकडे मला फुगवलेले वाटतात. पण मेनेलाऊसाविषयी तो खोटे बोलत असेल असे वाटत नाही. स्वजनांविरुद्ध असा आरोप कोणी हौसेने रचीत नाही.

१६८ च्या उन्हाळ्यात राजा पुन्हा मिसरमध्ये होता, अलेक्झांड्रियापासून अगदी जवळ, एलेउसिस नावाच्या उपनगरात. तेथे रोमचा वकील गायस पोपिलियस लाएनस त्याला भेटला. राजाने हात पुढे केला. पोपिलियसने हातात हात न देता सिनेटच्या आज्ञेची पाटी दिली : मिसर सोडून जा. राजा म्हणाला, मित्रांशी विचार करून सांगतो. पोपिलियसच्या हातात द्राक्षवेलीची काठी होती. तिने त्याने राजाभोवती वाळूत एक वर्तुळ काढले आणि म्हणाला, यातून पाऊल बाहेर टाकण्यापूर्वी उत्तर द्या. ही उलट्या प्रकारची लक्ष्मणरेषा. काही आठवड्यांपूर्वीच रोमने मॅसिडोनियाचे राज्य पिद्ना येथे बुडवले होते आणि राजाला ती बातमी लागली होती. तो थोडा वेळ गप्प उभा राहिला आणि 'होय' म्हणाला.

याच सुमारास मिसरमध्ये राजा मेला अशी अफवा यहूदात पसरली. बडतर्फ यासोन हजार माणसे घेऊन यरुशलेमवर चालून आला. मेनेलाऊस किल्ल्यात लपला. भाऊबंद एकमेकांना कापू लागले. अपमानित राजाला वाटेत कळले की यहूदाने बंड केले आहे. त्यानंतर शहराची कत्तल झाली, तट पाडले गेले, दावीदाच्या नगरात आक्रा नावाचा किल्ला बांधून त्यात फौज बसवली गेली. आणि १६७ साली तो हुकूम निघाला : सुंता करावयाची नाही, शब्बाथ पाळावयाचा नाही, तोरा जवळ बाळगावयाची नाही. ज्या आयांनी मुलांची सुंता करवली त्यांना त्यांच्या तान्ह्या बाळांसह ठार केले गेले. किस्लेव महिन्याच्या २५ तारखेस बेथ हमिक्दाशच्या वेदीवर परक्या देवाला बळी दिला गेला.

असा हुकूम त्याने का काढला यावर विद्वानांत मोठा वाद आहे. एलियास बिकरमन यांनी १९३७ मध्ये असे मांडले की धर्म बदलण्याची कल्पना मेनेलाऊस आणि त्याच्या मंडळींची. येथील हिब्रू विद्यापीठाचे व्हिक्टर चेरिकोव्हर यांचे म्हणणे निराळे : आधी लोकांचे बंड झाले, ते तोरेच्या नावाने झाले, म्हणून बंड मोडण्यासाठी राजाने तोरेवरच घाव घातला. मला चेरिकोव्हर अधिक पटतात. कारण अंत्युखियात, बाबेलात, त्याच राजाच्या प्रजेत यहुदी राहत होते आणि तेथे असा छळ झाल्याचे दिसत नाही. धर्माचा द्वेष असता तर तो यहूदाच्या सीमेवर थांबला नसता. यात राजाचे समर्थन नाही. बाळाला आईच्या गळ्यात टांगून मारणाऱ्याच्या मनात द्वेष होता की हिशेब, याने त्या आईला काय फरक पडणार होता?

मात्र नातवाच्या प्रश्नाला फरक पडतो. आपले पूर्वज खरोखर १७५ च्या सुमारास निघाले असतील, तर त्यांनी हा छळ पाहिलेला नाही. त्यांनी पाहिला तो लिलाव. यासोनाची व्यायामशाळा पाहिली. वेदीवरची सेवा अर्धवट टाकून खेळ पाहावयास धावणारे कोहेन पाहिले, असे ग्रंथकार सांगतो. आणि ते १६७ नंतर निघाले असतील, तर आजीचे 'जुलूम' बरोबर, पण केहिमकरांचे सन चुकीचे. दोन्ही एकत्र धरता येत नाहीत.

येथे कोणी म्हणेल, आपल्याकडे हनुका नव्हता ना? होय, कोकणात आपण हनुका पाळत नव्हतो. तो एकोणिसाव्या शतकात इतर यहुद्यांच्या सहवासाने आपल्याकडे आला. पुरीमला आपण होळीचा सण म्हणत होतो, अवच्या उपासाला बिरड्याचा रोजा म्हणत होतो, पण हनुकाला मराठी नावच नव्हते. म्हणून आपण १६४ च्या पूर्वीच निघालो, हा युक्तिवाद मीही अनेकदा केला आहे. साठच्या दशकात आपण पूर्ण यहुदी आहोत की नाही, असा प्रश्न या देशात आपल्या ज्येष्ठांना विचारला गेला, तेव्हा हा युक्तिवाद आपल्याला आधार वाटे. १९६४ मध्ये क्नेसेटने तो प्रश्न मिटवला. आता त्या युक्तिवादाकडे थोडे शांतपणे पाहता येईल. पुस्तके बुडाल्यावर, हिब्रू विसरल्यावर, शेकडो वर्षांत एखादा सण हरवूही शकतो. नसलेल्या सणावरून तारीख काढणे म्हणजे रिकाम्या डब्यावरून त्यात काय होते ते सांगणे. आपल्या उत्पत्तीविषयी इतर मतेही आहेत. काही अभ्यासक आपले आगमन इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकात धरतात.

त्यापेक्षा मला दुसरी एक गोष्ट विचार करण्यासारखी वाटते. हनुका नव्हता, हिब्रू नव्हती. मग कोकणात आपल्याजवळ उरले काय होते? आठव्या दिवशी सुंता. शनिवारी घाणा बंद, ज्यावरून आपल्याला 'शनवार तेली' नाव पडले. आणि शेमा. अंतियोखसाच्या हुकुमाची यादी पुन्हा ऐका : सुंता, शब्बाथ, तोरा. त्यातून तारीख निघत नाही, हे मी आताच म्हणालो. तरीही रात्री ती यादी वाचताना मी बराच वेळ पान उलटले नाही.

राजाच्या शेवटाकडे वळतो. १६६ मध्ये दाफ्नेला त्याने प्रचंड मिरवणूक काढली. तहाने मनाई केलेले हत्तीही त्यात होते. नंतर तो पैशासाठी पूर्वेकडे निघाला. इकडे मत्तिथ्याहूच्या मुलाने, यहूदा मक्काबीने, त्याच्या सरदारांना एकामागून एक हरवले. आपण सणात एक गोष्ट सांगत नाही : १६४ च्या वसंतात, म्हणजे बेथ हमिक्दाशच्या शुद्धीकरणापूर्वीच, राजाच्या नावाने पत्र निघाले की यहुद्यांनी पूर्वीप्रमाणे आपले अन्न खावे, आपले कायदे पाळावेत, ठरावीक मुदतीत घरी परतणाऱ्यांस माफी आहे. आणि त्या पत्राचा मध्यस्थ कोण? मेनेलाऊस! यहूदाचे लोक त्या माफीवर विसंबले नाहीत.

एलामात बापाप्रमाणेच अंतियोखसाने एका देवीच्या देवळावर हात टाकला, तेथून त्याला हुसकावले गेले, आणि आजारी पडून तो मेला. बाबेलच्या ज्योतिषांची एक मातीची पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावर राजांची यादी आहे आणि लिहिले आहे की या वर्षी 'किस्लिमू' महिन्यात राजा अंतियोखस मेल्याचे ऐकू आले. किस्लिमू म्हणजे आपला किस्लेव. इ.स.पू. १६४ चा. ज्या महिन्यात यरुशलेममध्ये वेदी शुद्ध होऊन दिवे लागले, त्याच महिन्यात बाबेलला ती बातमी पोहोचली. दिवे लावणाऱ्यांना ती कळली होती की नाही, याविषयी आपली दोन जुनी पुस्तके आपापसांत भांडतात : एकात राजा आधी मरतो, दुसऱ्या पुस्तकात नंतर.

जाता जाता एक. दोन वर्षांनी, त्याच्या अल्पवयीन मुलाच्या कारकिर्दीत, बेथ झखर्याच्या लढाईत यहूदाचा भाऊ एलाझार हत्तीखाली चिरडून मेला. मक्काबींचे पहिले पुस्तक सांगते की प्रत्येक हत्तीवर एक भारतीय माहूत होता. गुश एत्झियोनच्या रस्त्याने जाताना मला नेहमी त्या माहुतांची आठवण होते. त्यांच्याशी बोलावयास त्या रणात कोणी नसेल.

नातवाला मी आता उत्तर दिले आहे. मलिद्याच्या वेळी मी आजीचेच वाक्य म्हणतो, फक्त त्यातील दोन शब्द बदलले आहेत. "अंतियोख राजाच्या जुलमाला कंटाळून" असे न म्हणता "अंतियोख राजाच्या अमदानीत, असे आपले लोक सांगत आले" असे म्हणतो. माझ्या थोरल्या ताईंना हा बदल मुळीच आवडलेला नाही. त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि चहाच्या वेळी त्या मला काय बोलणार आहेत ते मला ठाऊक आहे.